दंशाचं निमित्त

इटलीच्या नकाशात बुटाची टाच दिसते, तो सालेंतो. ऑलिव्ह, द्राक्षं, गहू आणि तंबाखूचा, उन्हानं भाजून निघणारा मुलूख. इथल्या शेतमजूर बायकांना कापणीच्या दिवसांत ‘तारांता’ चावायची. तारांता म्हणजे कोळी. चावा बसला की बाई खिन्न व्हायची, अन्नपाणी टाकायची, जमिनीवर लोळायची, किंचाळायची. मग घरचे व्हायोलिनवाल्याला निरोप धाडायचे.

तारांतो शहरावरून नाव पडलेल्या ज्या लांडग्या कोळ्यावर सगळा आळ आला, तो दिसायला भयंकर असला तरी माणसाला त्याच्यापासून फारसा धोका नाही. खरा विषारी दुसराच, काळ्या अंगावर लाल ठिपके असलेला. त्याचा दंश शेतात होईही. पण विषाच्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी फार होत्या. पहिला चावा बहुधा वयात येताना बसायचा आणि पुढे दरवर्षी त्याच सुमारास त्रास उलटायचा. पीडितांत बायकांचा भरणा मोठा. आणि गालातिना गावावर संत पॉलची कृपा असल्यानं तिथल्या लोकांना तारांता बाधत नाही, अशी समजूत. गावाची वेस ओळखणारं विष कुठलं?

विद्वानांना या प्रकाराचं कुतूहल जुनंच. आथानासिउस किर्शर या जेझुइट पंडितानं 1641 साली या दंशावर उपचार म्हणून वाजवायच्या चाली छापल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जिओ बाग्लीवी या वैद्यानं त्यावर लिहिलं. पण त्या बायकांच्या घरात बसून, त्यांचं ऐकून घेऊन काम केलं ते एर्नेस्तो दे मार्तीनो या धर्मेतिहासकारानं, 1959 च्या जूनमध्ये. त्याच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञ होता, मानसशास्त्रज्ञ होती, छायाचित्रकार फ्रांको पिन्ना होता, आणि संगीतासाठी दिएगो कार्पितेल्ला. कार्पितेल्लानं 1954 मध्येच अमेरिकी संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्ससोबत इटलीभर फिरून लोकसंगीताचं ध्वनिमुद्रण केलं होतं.

नार्दो गावातल्या एका घरी त्यांना हा विधी पाहायला मिळाला. जमिनीवर पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली तरुणी. भोवती घरचे, शेजारीपाजारी. एका बाजूला वादक. व्हायोलिनवर लुइजी स्तिफानी, पेशानं न्हावी. खंजिरीवर साल्वातोरा मार्झो ही बाई, शिवाय गिटार आणि ॲकॉर्डियनच्या जातीचं छोटं वाद्य. लय सहा मात्रांची, चढी, न थांबणारी. ती ‘पित्सिका’.

सुरुवातीला तरुणी पाठीवर पडून तालात डोकं हलवत, पाय आपटत सरकायची. मग उठून चादरीच्या कडेकडेनं गोल धावायची, नाचायची. शेवटी कोसळायची. थोडी विश्रांती, पुन्हा पहिल्यापासून. संत पॉलनं कृपा केली, असं तिच्या तोंडून येईपर्यंत हे चालायचं. कधी त्यात दिवस जात.

वादकाचं कसब इथे पणाला लागायचं. तारांतांचे स्वभाव निरनिराळे मानत: कुणी नाचरी, कुणी दुःखी, कुणी कामुक. कुणाला लाल रंग प्रिय, कुणाला हिरवा. बाईसमोर रंगीत फिती धरायच्या, एकेक चाल वाजवून बघायची. ती ज्या चालीला हलली, ती तिच्या तारांतेची. दुखण्याचं निदान असं व्हायोलिनवर व्हायचं. स्तिफानी आपल्याकडे आलेल्या रुग्णांची टिपणं वहीत ठेवायचा. 2000 साली तो वारला.

नार्दोच्या त्या तरुणीची कहाणी साधी आहे. बाप लवकर गेला. अठराव्या वर्षी एकावर जीव जडला, पण पैशापायी मुलाकडच्यांनी नकार दिला. त्याच सुमारास तारांता चावली. पुढे नको असलेलं लग्न झालं. दे मार्तीनोचं म्हणणं असं की चावा हे निमित्त. जे दुःख बोलायची सोय नव्हती, त्याला कोळ्याच्या नावानं रूप मिळायचं, तारीख मिळायची, प्रेक्षक मिळायचे. त्याचं पुस्तक 1961 साली आलं. पुढे 1980 मध्ये जिल्बेर रुजे या फ्रेंच संगीतशास्त्रज्ञानं वेगळा अर्थ मांडला: बाई कोळ्याला हाकलत नाही, तीच कोळी होते. आपल्याकडचं अंगात येणं पाहिलेल्या वाचकाला रुजेचं म्हणणं चटकन पटेल. मला मात्र दे मार्तीनोचं अधिक खरं वाटतं, कारण तो त्या बाईच्या लग्नाची आणि घरातल्या पैशाची चौकशी करतो.

या विधीला ‘उपचार’ म्हणताना जपून. वादकांना पैसे मोजावे लागत, आणि ही घरं गरिबांची. शिवाय 28-29 जूनला, संत पॉलच्या सणाला, गालातिनाच्या छोट्या चॅपेलमध्ये आभार मानायला जायचं. तिथे ना वाद्यं, ना फिती. नुसत्या किंकाळ्या, आणि बघ्यांची गर्दी. बाई त्या वर्षापुरती बरी व्हायची. नवरा, शेतमालक, मजुरी यांत काडीचा फरक पडत नसे, म्हणून पुढच्या जूनला तारांता हजर. मानववंशशास्त्रज्ञ आन्नाबेल्ला रॉस्सीनं 1970 साली अशाच एका अर्धशिक्षित बाईची पत्रं छापली. ती वाचल्यावर या नाचाबद्दल गोड गोड लिहिणं अवघड होतं.

पुढे विधी विरत गेला आणि संगीत उरलं. तेही सुखासुखी नाही; ही खंजिरी म्हणजे दारिद्र्याची, शरमेची खूण, असं सालेंतोतल्या अनेकांना वाटे. लेखिका रीना दुरांतेनं 1975 मध्ये ‘कांझोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो’ हे पथक उभं केलं. 1998 पासून ‘तारांतेची रात्र’ हा महोत्सव भरू लागला, आणि आज ऑगस्टमध्ये मेल्पिन्यानोच्या मैदानात लाखावर माणसं पित्सिकावर नाचतात. रोममध्ये जन्मून न्यूयॉर्कला स्थिरावलेल्या आलेस्सांद्रा बेल्लोनीनं खंजिरी आणि नाच घेऊन स्त्रियांसाठी शिबिरं सुरू केली. ताल हेच औषध, हा तिचा घोष. तिथे येणाऱ्या बायकांना मोकळं वाटत असेल, त्यात खोटं काही नाही. पण शुल्क भरून स्वतःच्या मर्जीनं नाचणं वेगळं. सालेंतोच्या बाईला चादरीवर आडवं झाल्याशिवाय कुणी ऐकून घेत नव्हतं.

पित्सिका आज यूट्यूबवर ढिगानं सापडेल. महोत्सवाचे झगमगते व्हिडिओ मागाहून पाहा. आधी जानफ्रांको मिंगोत्सीचा 1962 चा ‘ला तारांता’ हा छोटा कृष्णधवल माहितीपट शोधा. त्यातलं निवेदन नोबेलविजेता कवी साल्वातोरे क्वाझीमोदो याचं आहे.