सुटीतील मासेमारी आणि भरतीचा हिशेब

गोव्याच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी गळ घेऊन बसलेली दांपत्ये अनेकदा दृष्टीस पडतात. काही याच भूमीतील असतात, तर काही चोर्ला घाट उतरून बेळगावहून आलेली. छंद निर्दोष असून खर्चही बेताचा आहे. परंतु सहलीची वेळ बहुधा कचेरीच्या सुटीवरून ठरविली जाते आणि पाण्याची वेळ किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर पाहिली जाते. हा क्रम उलट असावयास हवा.

आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी सामान्यतः दोन भरत्या व दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणिले असता भरतीची वेळ मिळते, असा कोकणातील जुना हिशेब आहे. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. हा ठोकताळा मुंबईच्या बाजूस बराच जुळतो. गोव्यात भरती त्याहून काहीशी आधी येते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांतील मुरगाव बंदराची वेळ पाहावी.

मासा पाण्याबरोबर फिरतो. भरती चढू लागली की शेवटे, काळुंदर, तांबोशी खाडीच्या मुखातून भक्ष्याच्या शोधात आत शिरतात. म्हणून भरतीचे अखेरचे दोन तास आणि ओहोटीचा आरंभ गळासाठी अनुकूल मानतात. सुंगटांचे आमिष बहुतेकांना चालते. माशांची पारख मात्र पुस्तकापेक्षा बाजारात लवकर होते, आणि या बाबतीत पुष्कळ घरांत पत्नीचे ज्ञान पतीपेक्षा वरचढ असते!

धोका याच अनुकूल वेळेत दडलेला आहे. हणजूण किंवा काब द राम यांसारख्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कोरड्या पायांनी गाठलेल्या कातळामागची सखल वाट भरतीत पाण्याखाली जाऊ शकते. मुरगाव येथे उधाणात पाण्याची पातळी सुमारे दोन मीटरनी वरखाली होते. मुंबईच्या मानाने हा फरक थोडा. पण माणसाला बुडविण्यास पुरेसा आहे. शिवाय दूरच्या दक्षिण महासागरातील वादळांनी उठलेल्या लाटा येथे वारा नसतानाही येऊन थडकतात. त्यांची पूर्वसूचना 1999 साली स्थापन झालेले हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देत असते. पावसाळ्यात तर हे कातळ वर्ज्यच समजावेत.

दोघे असण्याचा खरा उपयोग येथे होतो. एकाचे लक्ष गळाच्या दोरीवर असता दुसऱ्याने समुद्राकडे व परतीच्या वाटेकडे पाहावे, आणि तासाभराने पाळी बदलावी. येताना ओलांडलेला एखादा खडक खूण म्हणून ठरवावा. त्याच्या पायथ्याशी पाणी पोहोचताच गळ गुंडाळून निघावे. अशा वेळी गळाला लागलेल्या माशासाठी “आणखी पाच मिनिटे” मागणाऱ्याचे दुसऱ्याने ऐकू नये. साथीदार पाण्यात पडलाच, तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर किंवा तरंगणारी वस्तू फेकावी आणि जीवरक्षकास हाक द्यावी किंवा 112 क्रमांकावर कळवावे. याकरिता पंधरा-वीस मीटर मजबूत दोर व झाकण घट्ट बसणारा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा जवळ ठेवावा.

नवख्यांनी कातळापेक्षा खाडीकाठ निवडणे बरे. तेथेही खाजन शेतीच्या मानशीजवळ गळ टाकण्यापूर्वी विचारणा करावी, कारण मानशीवरील मासेमारीचा हक्क पुष्कळ ठिकाणी लिलावाने दिलेला असतो. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. त्या पुळणींवर रात्री दिवे घेऊन बसू नये. तळहातापेक्षा लहान तांबोशी लागल्यास हात ओले करून गळ सोडवावा व तिला पाण्यात परत सोडावे. कोरड्या हाताने तिच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि सोडूनही ती दगावण्याचा संभव असतो.