फोटोतला कीटक, फोटोतला पत्ता

रोज सकाळी न चुकता एखादा पक्षी, बुरशी किंवा फुलपाखरू टाकणारा माणूस बहुतेक ग्रुपवर असतो. दुपारपर्यंत सहलीचे, मांजराचे फोटो आणि राजकारणावरचे वाद येतात आणि सकाळचे ते फुलपाखरू कुठल्या कुठे वर सरकून जाते. क्वचित मात्र असा फोटो नेमक्या नजरेला पडतो.

मे २०११ मध्ये गुएक हॉक पिंग या हौशी छायाचित्रकाराने मलेशियात कौलालंपूरजवळच्या जंगलात जाळीदार पंखांच्या एका हिरव्या कीटकाचा फोटो काढला, कीटक सोडून दिला आणि फोटो ‘फ्लिकर’वर टाकला. मावा फस्त करणारा ‘क्रायसोपा’ आपल्याकडच्या शेतकऱ्यांना मित्रकीटक म्हणून ठाऊक आहे. हा त्याच्याच कुळातला. पंखांच्या मुळाशी मात्र काळी नक्षी आणि निळसर ठिपके होते. कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांनी तो फोटो सहज पाहिला आणि ते थबकले. त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, पण ही नक्षी कुणालाच ओळखता येईना.

नुसत्या फोटोवर नवी जात सहसा ठरवली जात नाही. तुलनेसाठी नमुना हाती लागतो. गुएक यांच्याकडे तो नव्हता. सुमारे वर्षभराने ते त्याच ठिकाणी गेले आणि तिथे तो कीटक पुन्हा सापडला! नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. तिथल्या संग्रहात तसाच एक कीटक अनेक वर्षे बिननावाचा पडून होता, हे तेव्हा लक्षात आले. २०१२ मध्ये ‘सेमाक्रायसा जेड’ ही जात जाहीर झाली. जेड हे विंटरटन यांच्या मुलीचे नाव.

आपल्याकडेही असे घडले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिमाचलातील चंबा जिल्ह्यात घरी परतलेल्या एका विद्यार्थ्याने घराजवळ दिसलेल्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक झीशान मिर्झा यांना तो वेगळा वाटला. नमुने मिळवून खवले आणि डीएनए तपासल्यावर ती कुकरी सापाची नवी जात निघाली. ‘ओलिगोडॉन चुराहेन्सिस’ हे तिचे नाव डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

दोन्ही वेळा उपयोगी पडली ती एकच गोष्ट: फोटो कुणी, कधी आणि कुठे काढला हे विचारता आले. दहा ग्रुप फिरून आलेल्या देखण्या फोटोला हा पत्ताच नसतो. अभ्यासाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी.

पण हाच पत्ता प्राण्याच्या जिवावरही उठू शकतो. चीनच्या आग्नेय भागातील ‘गोनियुरोसॉरस लुई’ या देखण्या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव सरड्या-पालींच्या परदेशी बाजारात एकेका पालीचा भाव दीड ते दोन हजार डॉलरपर्यंत चढला. काही वर्षांतच, जिथे ती प्रथम सापडली तिथून ती नाहीशी झाल्याचे मानले जाऊ लागले. पत्ता इथे शोधनिबंधाने दिला होता. आज तो कुणाच्याही खिशातला मोबाइल देऊ शकतो.

म्हणून ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या नोंदस्थळांवर संकटग्रस्त जातींचे ठिकाण आपोआप धूसर केले जाते. नकाशावरची खूण साधारण वीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेही दिसते. नेमकी जागा आत नोंदलेली राहते, ती सर्वांना दिसत नाही. रोज फोटो टाकण्याची हौस असणाऱ्यांसाठी ही चांगली सोय आहे. ग्रुपवर नुसता फोटो आणि फार तर तालुका, नेमके ठिकाण अशा नोंदीत. घरट्याचा, पिलांचा फोटो तर ग्रुपवर नकोच.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच साठतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती सहसा गळून जाते. तोच फोटो स्पष्ट दिसावा म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, की पत्त्यासकट पोचतो.