रीलचे स्क्रू किती आवळावेत?

गळाने मासे धरणाऱ्यांपैकी जे आपली रील स्वतः उघडून साफ करतात, त्यांच्यात एक समज फार पक्का बसला आहे: स्क्रू जितका जोरात आवळावा तितकी रील भक्कम. हा समज चुकीचा आहे, आणि रीलचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. दुरुस्तीला येणाऱ्या रीलमध्ये आटे गेलेली भोके, खाच झिजलेली स्क्रूची डोकी आणि चिरलेली झाकणे दिसतात, ती माशाने केलेली नसतात. ती मागच्या वेळी रील बंद करणाऱ्या हाताने केलेली असतात.

हा समज टिकून राहण्यामागे एक साधे कारण आहे. शिमानो, दाइवा, पेन यांसारख्या कंपन्यांच्या सुट्या भागांच्या आकृत्यांमध्ये प्रत्येक स्क्रूला क्रमांक दिलेला असतो, पण तो किती आवळावा याचा आकडा बहुधा दिलेला नसतो. आकडा नाही म्हटल्यावर माणूस मनगटाच्या ताकदीवर जातो.

स्क्रू नेमके काय करतो, हे आधी पाहिले पाहिजे. स्क्रू दोन भाग चिकटवत नाही. आवळताना तो स्वतः किंचित ताणला जातो आणि आखडण्याच्या धडपडीत दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. डोके टेकेपर्यंतच्या सगळ्या फेऱ्यांत हा दाब जवळजवळ शून्य असतो. खरे काम त्यानंतरच्या अगदी थोड्या वळणात होते. तीन मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे एम-३ स्क्रूला कोरड्या आट्यांवर ०.६ न्यूटन-मीटर पीळ दिला, तर साधारण १,००० न्यूटन दाब मिळतो. हा जवळपास १०० किलो वजनाचा भार झाला. एवढा पीळ देण्यासाठी लागणारे बळ मात्र दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे ६०० ग्रॅम वजन टांगण्याइतकेच असते. झाकणाला असे चार स्क्रू असतील तर ते ४०० किलोच्या भाराने दाबलेले राहते. शिवाय मासा ओढत असताना दोरीवर येणारा ताण स्पूल, दांडा, बेअरिंग आणि मुख्य फ्रेम यांतून जातो. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूंवर तो बहुधा थेट येत नाही. मग आणखी जोर कशासाठी लावायचा, या प्रश्नाला जास्त आवळणाऱ्यांकडे उत्तर नसते.

आता दुसरी बाजू. स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंसाठी आयएसओ ३५०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नेहमीच्या ए२-७० दर्जाचा स्क्रू किमान किती पिळापर्यंत तुटता कामा नये, हे त्यात दिले आहे: एम-३ साठी १.६ न्यूटन-मीटर, एम-२.५ साठी ०.९ आणि एम-२ साठी फक्त ०.४. जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने सामान्य प्रौढ माणूस २ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त पीळ सहज देतो. म्हणजे रीलमधले बारीक स्क्रू हाताच्या पूर्ण ताकदीसाठी बनलेलेच नाहीत. आणि हे आकडे निव्वळ स्क्रूचे आहेत. रीलमध्ये तो स्टीलच्या नटात नव्हे, तर ओतीव ॲल्युमिनियममध्ये, मॅग्नेशियममध्ये किंवा कार्बनतंतू मिसळलेल्या नायलॉनमध्ये शिरतो. तिथे स्क्रू तुटण्याच्या बऱ्याच आधी भोकातले आटे जातात. नवा स्क्रू काही रुपयांत मिळतो. आटे गेले तर अनेकदा अख्खी बॉडी बदलावी लागते.

हाताला जे ‘घट्ट’ जाणवते तेही फसवे असते. यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला सर्वमान्य ढोबळ हिशेब असा की, दिलेल्या पिळाचा सुमारे निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. दाब निर्माण करायला जेमतेम १० टक्के उरतो. आट्यांत वाळू, मिठाचे खडे किंवा जुना गंज असेल तर घर्षण आणखी वाढते. स्क्रू कडक लागतो, पण भाग दाबलेलेच नसतात. उलट आट्यांना ग्रीस लावले असेल तर तेवढ्याच पिळात जास्त दाब येतो. म्हणून आधी आटे साफ करावेत, मग आवळावे, आणि ग्रीस लावले असेल तर हात आणखी हलका ठेवावा.

प्लास्टिकच्या बॉडीत एक वेगळी अडचण असते. सतत दाबाखाली असलेले प्लास्टिक हळूहळू सरकते आणि सुरुवातीचा दाब काही काळात आपोआप कमी होतो. हे सैल होणे पाहून प्रत्येक वेळी ‘अजून थोडा’ आवळणारा माणूस भोकातले आटेच ओरबाडत असतो. अशा भोकात स्क्रू घालताना तो आधी अगदी हलक्या हाताने उलटा फिरवावा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. तिथून सुलटा फिरवला तर तो जुन्याच आट्यांतून जातो, नवे कापत नाही. एवढी एक सवय लागली तरी प्लास्टिकच्या रीलचे आयुष्य वाढते.

या समजाचा सर्वांत वाईट परिणाम रीलच्या आत होतो. हँडलला खडखड जाणवली, की झाकणाचे स्क्रू आवळून ती घालवण्याचा प्रयत्न होतो. पण दातेरी चाकांमधले अंतर स्क्रू ठरवत नाहीत. ते शिम, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना घातलेल्या अतिशय पातळ चकत्या ठरवतात. शिम हरवली, बाजू बदलून बसली किंवा बेअरिंग झिजले, तर खडखड येते. झाकण जोरात आवळल्यावर ते किंचित वाकते, बेअरिंगची बैठक तिरकी होते, चाके एकमेकांत रुततात आणि खडखड थांबल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात दाते झिजायला सुरुवात झालेली असते. जी रील स्क्रू आवळल्यावर जड फिरते, ती दुरुस्त झालेली नसते.

योग्य रीत अवघड नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीत न धरता अंगठा आणि दोन बोटांत धरावा. सगळे स्क्रू आधी डोके टेकेपर्यंत बसवावेत, मग समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन टप्प्यांत आवळावेत. डोके टेकल्यानंतर धातूच्या बॉडीत फार तर एक अष्टमांश फेरा पुरतो. घड्याळाचा मिनिटकाटा सात-आठ मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढाच. प्लास्टिकमध्ये त्याहूनही कमी. प्रत्येक टप्प्यानंतर हँडल फिरवून पाहावे. फिरणे जड झाले तर तिथेच थांबून झाकण पुन्हा उघडावे आणि शिम तपासाव्यात.

एवढे हलके आवळलेले स्क्रू मासेमारी करताना सुटणार नाहीत का, ही शंका रास्त आहे. स्क्रू का सुटतात याचा पाया जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी घातला. जोडलेले भाग स्क्रूच्या अक्षाला आडवे एकमेकांवर सरकू लागले, की स्क्रू स्वतःहून फिरून सैल होतो, हे त्यांनी दाखवले. उपाय एवढाच की, भाग सरकणार नाहीत इतका दाब असावा आणि पृष्ठभाग स्वच्छ असावेत. आटे उपटून निघेपर्यंत पीळ दिल्याने तो दाब वाढत नाही. आटे गेल्याक्षणी तो शून्यावर येतो.

स्प्रिंग वॉशर घातला की स्क्रू सुटत नाही, असेही सांगितले जाते. नासाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलमध्ये स्पष्ट म्हटले आहे की, पूर्ण आवळल्यावर हा वॉशर सपाट होतो आणि मग तो साध्या चकतीपेक्षा वेगळा राहत नाही.

स्क्रू पक्का करणाऱ्या द्रवांपैकी लाल, उच्च ताकदीचा प्रकार सर्वांत चांगला, हा समज रीलपुरता तरी धोकादायक आहे. तो सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, आणि तोवर ग्रीस, सील आणि प्लास्टिक यांतले काहीच शाबूत राहत नाही. बारीक स्क्रूंसाठी लॉकटाइट २२२ सारखा कमी ताकदीचा प्रकार आहे. तोही फक्त धातूत धातू जात असेल तिथेच वापरावा, कारण काही प्लास्टिके या द्रवाने तडकतात.

अधिक चिन्हाची खाच दिसली की कोणताही फिलिप्स स्क्रूड्रायव्हर चालतो, हेही खरे नाही. जपानी रीलच्या स्क्रूंची खाच बहुधा जपानी मानकाची, म्हणजे जेआयएस पद्धतीची असते. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, वर उचलले जाते आणि खाच खाऊन टाकते. स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस समजावा. ठिपका नसला तरी जपानी रीलसाठी तोच स्क्रूड्रायव्हर वापरावा.

उजवीकडे फिरवले की सगळे आवळते, हाही नियम नाही. ज्या स्पिनिंग रीलचे हँडल थेट आट्यांनी बसते, तिथे डाव्या बाजूच्या हँडलचे आटे उलटे असतात, म्हणजे दोरी गुंडाळताना ते सुटत नाही. न सुटणारा नट जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने हलवून पाहावा.

स्टेनलेस स्क्रूला खाऱ्या पाण्याचा त्रास नाही, असे कोकण किनाऱ्यावर खडकांवरून गळ टाकणाऱ्यांनी तरी मानू नये. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी शिरले की विद्युतरासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते, पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू जाम होतो. जोरात आवळल्याने पाणी अडत नाही. आट्यांना लावलेला ग्रीसचा पातळ थर ते अडवतो, आणि तोच स्क्रू पुढच्या वेळी दोन बोटांनी सुटतो.