पाव मैलाची तयारी

घरातील तरुण सेडानला सुपरचार्जर बसविण्याचा हट्ट धरू लागला, तर वडीलधाऱ्यांनी ते यंत्र समजून घ्यावे. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून ते आत हवा दाबून भरते. त्या प्रमाणात इंधनही वाढवावे लागते. दाबलेली हवा तापते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फारच. इंटरकूलरने ती निवविली नाही, तर इंधन अवेळी पेटून पिस्टन निकामी होतो. म्हणून शक्तीआधी शीतन, क्लच, टायर आणि ब्रेक! शर्यत अवघी ४०२ मीटरची. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर मात्र सरकारच्या लेखी संमतीवाचून वेगाची शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. लातूर-नांदेड मार्गावर रात्री दिव्यावाचून उसाची बैलगाडीही चाललेली असते.