खडकी ते वडोदरा : धनराज पिल्लेच्या हॉकीचा मागोवा

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा पुणे-नगर रस्त्यावरचा पट्टा आता कारखान्यांच्या शिफ्टवर चालतो. शिरूर तालुक्यात पोरांचा खेळ म्हटला की कबड्डी, कुस्ती नाहीतर क्रिकेट. हॉकीची स्टिक क्वचितच कुणाच्या हाती दिसते. याच रस्त्याने पुण्याकडे निघून वाघोली आणि येरवडा मागे टाकले की खडकी लागते. तीही कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. पण तिथला कारखाना दारूगोळ्याचा, शेजार लष्करी छावणीचा आणि मैदानावरचा खेळ हॉकीचा. या खडकीत १६ जुलै १९६८ रोजी धनराज पिल्लेचा जन्म झाला. पुणे जिल्ह्यातून जगाच्या मैदानावर गेलेला आणि पुढे प्रशिक्षकाच्या भूमिकेत शिरलेला हा सर्वांत मोठा हॉकीपटू.

वडील नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. फॅक्टरीच्या वसाहतीतले ते तमिळ घर साधेसुधे होते. आई अंडाळम्मा यांनी मात्र मुलांना खेळू दिले. मोडक्या स्टिक आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडे मऊ, चिखलट मैदानावर खेळत. हॉकीपटू मोहम्मद शाहिद हा धनराजचा आदर्श होता, त्याच्यासारखे ड्रिबलिंग करायचा प्रयत्न रोज चाले.

थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ कंपनीच्या संघाकडून लीग खेळत होता आणि भारताच्या संघापर्यंत पोहोचला होता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर धनराज त्याच्याकडे गेला. भावाने त्याला आघाडीच्या फळीतला वेगवान खेळाडू म्हणून घडवले. नंतर तो महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला आणि जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाला. कार्व्हालो १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेले. म्हणजे धनराजला शिकवणारे दोघेही आधी स्वतः भारताकडून खेळले होते. त्या काळात मुंबईची हॉकी कंपन्या, रेल्वे, विमानसेवा आणि बँकांच्या संघांवर उभी होती. नोकरी मिळे, पगार मिळे आणि सरावाला एखादा जुना खेळाडू हजर असे. प्रशिक्षणाची वेगळी यंत्रणा नव्हती, पण एका पिढीचे ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हाती सरळ पोहोचत होते.

१९८९मध्ये नवी दिल्लीतल्या आशिया कपात धनराज भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत खेळत राहिला. या काळात ३३९ आंतरराष्ट्रीय सामने त्याच्या नावावर जमा झाले. गोलांची अधिकृत नोंद तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने ठेवलीच नाही. जाणकारांच्या हिशेबाने ते १७०च्या आसपास जातात. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा हा त्याच्या कारकिर्दीचा पसारा. १९९४च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो एकटाच भारतीय होता. २००२च्या कलोन चॅम्पियन्स ट्रॉफीत, वयाच्या ३४व्या वर्षी, तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सर्वांत मोठा दिवस आला १९९८च्या डिसेंबरात, बँकॉकमध्ये. धनराज कर्णधार होता. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी १-१ बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोक्सवर गोलरक्षक आशिष बल्लाळने किल्ला लढवला आणि भारताने ४-२ अशी बाजी मारली. १९६६नंतर तब्बल ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण परत आले. स्पर्धेत सर्वाधिक गोल कर्णधाराचेच होते. हा विजय साजरा व्हायच्या आतच धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. खेळाडूंना मिळणारे अपुरे मानधन आणि सोयींची वानवा याबद्दल तो उघड बोलला होता. त्यांना विश्रांती दिली, असे अधिकृत कारण सांगितले गेले. देशाच्या कर्णधाराने सहकाऱ्यांच्या हक्काचे बोलावे आणि त्याची किंमत संघातल्या जागेने मोजावी, ही गोष्ट भारतीय हॉकीच्या त्या काळाबद्दल खूप काही सांगते.

तो परत आला. सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडविरुद्ध भारत १-० असा आघाडीवर होता. सामना संपायला दोन मिनिटेही उरली नसताना पोलंडने बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हातची गेली. धनराजचे अश्रू तेव्हा देशाने पाहिले. २००३मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया कप पहिल्यांदा जिंकला. अथेन्सला जाताना तो ३६ वर्षांचा होता. खडकीचाच विक्रम पिल्ले त्या संघात होता, मुंबईचा विरेन रस्किन्हाही होता. तिथे भारत सातवा आला आणि धनराजची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

क्लबच्या हॉकीत मात्र तो बराच काळ टिकला. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधले लिऑन, जर्मनीतले स्टुटगार्टर किकर्स, मलेशिया, ढाक्याचा अबाहानी असा त्याचा व्यावसायिक प्रवास झाला. २००५मध्ये प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तो मराठा वॉरियर्सचा कर्णधार होता. २०१२च्या वर्ल्ड सीरीज हॉकीत, वयाच्या ४३व्या वर्षी, तो कर्नाटक लायन्सकडून उतरला.

खेळणे थांबल्यावर शिकवणे आपोआप जमते असे नाही. आइस हॉकीतला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा कॅनडाचा वेन ग्रेट्झकी २००५ ते २००९ या काळात फिनिक्स कायोटीज संघाचा प्रशिक्षक होता आणि चार हंगामांत एकदाही संघाला प्लेऑफपर्यंत नेऊ शकला नाही. धनराजच्या गुरूंनीही हा अनुभव घेतला. कार्व्हालो २००७मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. सप्टेंबरात चेन्नईच्या आशिया कपात संघाने सात सामन्यांत ५७ गोल केले आणि अंतिम फेरीत कोरियाला ७-२ असे लोळवले. पुढच्या मार्चमध्ये चिलीतल्या सांतियागोला ऑलिम्पिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनकडून ०-२ अशी हार झाली. १९२८पासून पहिल्यांदाच भारतीय हॉकी संघ ऑलिम्पिकला मुकला. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. सहा महिन्यांपूर्वीचे ५७ गोल कुणाला आठवले नाहीत. त्यानंतर महासंघ बरखास्त झाला आणि संघ निवडीसाठी नेमलेल्या माजी खेळाडूंच्या समितीत धनराजला जागा मिळाली.

शिकवायचा खेळही दरम्यान बदलला होता. धनराज लहानपणी चिखलात खेळला, तेव्हा जागतिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेलीच होती. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून गवत मागे पडले. पुढे खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करण्याची मुभा आली, ऑफसाइडचा नियम गेला, फ्री हिट स्वतःच पुढे नेता येऊ लागली, ३५ मिनिटांच्या दोन अर्धांच्या जागी १५ मिनिटांचे चार भाग आले. वळसे घालत चेंडू एकट्याने पुढे नेणाऱ्या फॉरवर्डपेक्षा चार-पाच मिनिटे जीव तोडून धावणारा, बाहेर बसून दम घेणारा आणि पुन्हा उतरणारा खेळाडू आजच्या प्रशिक्षकाला हवा असतो. चेंडू गेला की त्याच क्षणी बचावाला लागणे हे फॉरवर्डचेही काम झाले. म्हणून धनराजसारख्याला दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात. मनगटाची जादू आणि सुसाट धाव जपायची, शिवाय ती नव्या खेळात कुठे वापरायची हेही शिकवायचे.

राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाची दारे त्याच्या पिढीला फारशी उघडली नाहीत. २००९मध्ये स्पेनचे होसे ब्रासा आले आणि त्यानंतर मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, रोलंट ऑल्टमन्स, ग्रॅहम रीड, क्रेग फुल्टन असे बहुतेक परदेशी प्रशिक्षकच नेमले गेले. मधला ठळक अपवाद हरेंद्रसिंग यांचा. या प्रशिक्षकांनी संघाला शिस्त दिली, टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदके त्यातूनच आली. माजी भारतीय खेळाडूंच्या वाट्याला अकादमी आली, म्हणजे खेळाचा पाया.

धनराजने मुंबईत अकादमीचा ध्यास घेतला. पैसे उभे करण्यासाठी शहरातून प्रिंटरची रिकामी कार्ट्रिजेस गोळा करून ती पुनर्वापर करणाऱ्या युरोपीय कंपनीला विकण्याची मोहीम चालवली. खेलरत्न आणि पद्मश्री मिळालेल्या माणसावर मुलांच्या स्टिकसाठी ही वेळ यावी, हे महाराष्ट्राने मनाला लावून घ्यायला हवे होते. शेवटी त्याच्या अनुभवाला मोठी संधी मिळाली ती गुजरातमध्ये. स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ गुजरातच्या वडोदऱ्यातल्या हॉकी अकादमीची धुरा त्याच्याकडे आली. ज्या राज्याला हॉकीची फारशी परंपरा नव्हती, तिथली मुले-मुली खडकीच्या मैदानावर घडलेल्या माणसाकडून धडे घेऊ लागली.

इकडे महाराष्ट्राचे काय झाले? टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या पुरुष संघात आणि पॅरिसमधल्या संघात मराठी मुलखातला एकही खेळाडू नव्हता. धनराज आणि विक्रम ज्या गल्लीतून आले, ज्या मुंबईने सोमय्या, मार्सेलस गोम्स आणि कार्व्हालो असे हॉकीपटू दिले, तिथून ही वाट अशी आटली. नोकरी देऊन खेळाडू पोसणारे संघ आक्रसले, हे त्याचे एक कारण. त्या संघांबरोबर जुन्या खेळाडूची सरावातली हजेरीही गेली आणि तिची जागा भरून काढणारी व्यवस्था उभी राहिली नाही, हे दुसरे.

गुणवत्ता संपलेली नाही. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या महिला संघात पोहोचली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात खेळली. शेतकरी मुलखातल्या मुलीला टर्फ आणि चांगला मार्गदर्शक मिळाला तर काय होते, हे तिने दाखवले. बालेवाडीत टर्फ आहे, पिंपरी-चिंचवडच्या नेहरूनगरातही आहे. उरते ते माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना पगारी, कायमस्वरूपी प्रशिक्षक म्हणून नेमणे, त्यांना आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षण अभ्यासक्रम करायला पाठवणे आणि शिरूर, दौंड, फलटणच्या शाळांतून मुले निवडून त्यांच्या हाती सोपवणे. गुजरातने यासाठी महाराष्ट्राचा माणूस नेला. पुढचा धनराज किंवा पुढचा विक्रम प्रशिक्षक व्हायला निघेल, तेव्हा त्याची नेमणूक पुण्यात व्हावी, एवढी तयारी राज्याच्या क्रीडा खात्याला आजही करता येईल.