दिवाणखान्यातील नवा पाहुणा

भिलाईतील पावर हाउस या वस्तीत माझी थोरली बहीण राहते. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील तेथील स्थानकाचे नावही ‘भिलाई पावर हाउस’ असेच आहे. गेल्या दसऱ्याच्या सुमारास तिच्या घरी नवा गेम कन्सोल आला आणि तो जोडून देण्याचे काम मामा या नात्याने माझ्या वाट्याला आले. चौथ्या शनिवारची सुट्टी साधून मी नागपूरहून निघालो, तेव्हा हे तासाभराचे काम आहे अशी माझी समजूत होती. तारा जोडायला खरोखरच वीस मिनिटे लागली. पुढचा दीड दिवस कशात गेला, ते सांगण्यासाठी हा लेख.

पाळीचे घर

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याच्या ओढीने देशभरातून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. माझ्या भाऊजींचे वडील त्यांपैकीच एक. भाऊजी स्वतः कारखान्याच्या दुरुस्ती विभागात आहेत. पाळीच्या घरात रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप सर्वांनी मिळून सांभाळायची असते. दिवसा टीव्हीचा आवाज वाढवणे हा तेथे मोठाच अपराध.

अशा घरात कन्सोल आणण्याचा हट्ट मुलाचा नव्हता, ताईचा होता. त्यामागे एक कारण होते. वर्षभरापूर्वी माझ्या भाच्याने, वय वर्षे तेरा, मोबाइलवरील एका खेळात नाणी विकत घेतली होती. सात लहान लहान व्यवहार, एकूण ३,६४० रुपये. कार्ड वडिलांचे, फोन वडिलांचा आणि ओटीपीही त्याच फोनवर आलेला. भाऊजींना पासबुकातील नोंदींवरून हे कळले. फसवणूक झाली असे समजून त्यांनी मला फोन केला, मी कार्ड ताबडतोब बंद करायला सांगितले. दोन दिवसांनी मुलाने आईजवळ कबुली दिली. भाऊजी त्याला एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते फोन उशीखाली ठेवून झोपू लागले, एवढेच. ताई म्हणाली, “अरे, रागावले असते, दोन चापट्या दिल्या असत्या, तरी परवडले असते. आता दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलतात. पोरगा आपला मोबाइल घेऊन खोलीत दार लावून बसतो. त्यापेक्षा जे काय खेळायचे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर खेळू दे.”

एका बटणाची गोष्ट

घरच्या टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना अमेरिकेतील अभियंते राल्फ बेअर यांनी १९६६ साली कागदावर मांडली. १९७२ साली तिच्यातून ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल बाजारात आला. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके हलत आणि मैदान दाखवण्यासाठी रंगीत पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावा लागे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ १९८३ साली आला आणि त्याच्या नकला पुढे आपल्या गावागावांत पोहोचल्या. आज तिशीत असलेल्या माझ्यासारख्यांना आठवतो तो ‘टर्मिनेटर’ या नावाने विकला जाणारा संच आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची थाप मारणारे तिचे वेष्टन.

त्या काळी संच जोडणे म्हणजे टीव्हीच्या मागची अँटेनाची तार काढून तेथे खेळाची तार खोचायची आणि मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत चॅनेलचे बटण फिरवायचे. ज्यांच्याकडे नवा टीव्ही असे, ते पिवळी आणि पांढरी पिन लावून मोकळे होत. कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारत असू. त्या फुंकरीतील ओलाव्याने आतील धातूच्या पट्ट्या खराब होतात, हे फार पुढे कळले. ‘पिक्चर ट्यूब जाईल’ या वडिलांच्या एका वाक्यावर खेळ संपत असे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा सुप्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये सामावलेला होता. आजचा एखादा मोठा खेळ १०० गिगाबाइटच्या घरात जातो, म्हणजे सुमारे पंचवीस लाख पट. पूर्वी खेळ कॅसेटमध्ये तयार असे, बटण दाबले की सुरू. आता तो बराचसा इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, त्यासाठी खाते उघडावे लागते आणि खात्यामागोमाग पैशाचे दार येते.

तारा, वारा आणि वीज

शनिवारी संध्याकाळी खोके उघडले. कन्सोल, त्याचा हातात धरायचा कंट्रोलर, विजेची तार, एचडीएमआय तार आणि कंट्रोलर चार्ज करण्याची तार, एवढाच संसार. ताईने तो शोकेसच्या काचेच्या कप्प्यात नीट बसवला आणि वर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. पाहुण्याचे स्वागत रीतीप्रमाणेच झाले. पण या पाहुण्याला मोकळी हवा लागते. खेळ चालू असताना असे यंत्र २०० वॉटच्या आसपास वीज घेते आणि त्या साऱ्या विजेची शेवटी उष्णता होते. मागचा पंखा ती बाहेर टाकतो. बंद कप्प्यात तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. भिलाईचा मे महिना आठवा! म्हणून कन्सोल उघड्या फळीवर, भिंतीपासून किमान चार बोटे दूर ठेवला आणि रुमाल फुलदाणीखाली गेला.

तार जोडली तरी पडदा काळाच. टीव्हीला एचडीएमआयच्या तीन खाचा होत्या. आम्ही दुसऱ्या खाचेत तार लावली होती आणि टीव्ही पहिल्या खाचेकडे पाहत होता. रिमोटवरील ‘सोर्स’ बटणाने हा गैरसमज मिटला. ती तार पुन्हा नीट बसवण्यासाठी मी मागे हात घातला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. “त्या टीव्हीला कायमच येतात,” ताई सहज म्हणाली.

रात्रपाळीच्या तयारीत असलेले भाऊजी तोपर्यंत दुरूनच पाहत होते. ते जवळ आले, टीव्हीची तीन पिनांची तार पाहिली आणि म्हणाले, “अर्थिंग नाही. उद्या सकाळी येऊन बघतो. तोवर हे चालू करायचे नाही.” भाच्याचा चेहरा उतरला, पण तो काही बोलला नाही.

भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी यंत्रांना हार घालतात, हळदकुंकू वाहतात. यंत्राशी असे नाते असलेला माणूस अर्धवट जोडणी पाहून स्वस्थ कसा बसेल? रविवारी सकाळी भाऊजी कामावरून आले ते झोपायला गेलेच नाहीत. मेन स्विच बंद करून त्यांनी बोर्ड उघडला. टीव्हीच्या सॉकेटमागची अर्थिंगची हिरवी तार कधीतरी तुटून लोंबकळत होती. टीव्हीसारख्या उपकरणाच्या आतील विद्युत-गाळणीतून अगदी थोडा प्रवाह त्याच्या धातूच्या भागांवर येत असतो. अर्थिंग असेल तर तो निमूटपणे जमिनीत जातो. नसेल तर हात लावणाऱ्याला झिणझिण्यांनी कळवतो आणि पुढे एचडीएमआय तारेच्या धातूमधून जोडलेल्या दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचतो. बोर्डात अंधार होता. “टॉर्च धर,” भाऊजी म्हणाले. भाचा पुढे झाला. “इकडे नाही, माझ्या हाताखाली धर.” मग कोणती तार फेज, कोणती न्यूट्रल, टेस्ट लॅम्प कशासाठी, असे प्रश्न आणि उत्तरे सुरू झाली. मी आणि ताई स्वयंपाकघरात उगाच चहा उकळत राहिलो.

तार जोडून झाल्यावर भाऊजी झोपायला गेले आणि आम्ही खेळ उतरवायला लावला. दर सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर १०० गिगाबाइटला साधारण साडेचार तास लागतात. तेवढा वेळ घर शांत होते. मुलाने टीव्हीचा आवाज आधीच शून्यावर नेऊन ठेवला होता. त्या वेळात आम्ही टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू केला. चित्र अधिक देखणे करण्यासाठी आजचे टीव्ही प्रत्येक दृश्यावर संस्कार करतात आणि त्यात सेकंदाचा लहानसा अंश जातो. चित्रपट पाहताना तो कळत नाही. बटण दाबल्यानंतर उडी उशिरा पडली की मात्र खेळणाऱ्याला लगेच जाणवतो. गेम मोड हे संस्कार टाळतो. विजेचा हिशेबही मांडला: रोज दोन तास खेळले तर महिन्याला कन्सोलचे सुमारे १२ युनिट. टीव्हीची वीज निराळी.

खाते कोणाचे, कार्ड कोणाचे?

दुपारी भाऊजी उठले आणि खऱ्या अर्थाने कन्सोलची स्थापना सुरू झाली. यंत्राने विचारले, खाते कोणाचे? बहुतेक घरांत हा प्रश्न मुलेच सोडवतात आणि जन्मवर्ष दहा वर्षांनी मागे नेऊन मोकळी होतात. तसे केले की मुलांसाठी असलेली सारी कुंपणे आपोआप गळून पडतात. योग्य रीत अशी की प्रथम पालकाचे खाते उघडावे आणि त्याच्या आधाराने खऱ्या जन्मतारखेचे मुलाचे खाते जोडावे. मग खेळण्याची वेळ, अनोळखी माणसांशी संभाषण, वयोगट आणि खर्च या चारही गोष्टी पालकाच्या हाती राहतात. खेळांच्या वेष्टनावर ३, ७, १२, १६, १८ असे आकडे अनेकदा दिसतात. खेळ किती अवघड आहे हे ते सांगत नाहीत. तो किमान कोणत्या वयासाठी योग्य आहे हे सांगतात.

बँकेतील माणूस म्हणून काही गोष्टी येथे आवर्जून नमूद कराव्याशा वाटतात.

१) शक्यतो मुख्य बचत खात्याचे कार्ड कन्सोलवर नोंदवू नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा मूळ क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन वापरले जाते. त्यामुळे क्रमांक सुरक्षित राहतो. मात्र घरातील हातांनी केलेली खरेदी टोकन अडवत नाही.

२) ठराविक रकमेचे भेटकार्ड विकत घेऊन त्याचा कोड भरणे अधिक बरे. तेवढी रक्कम संपली की खर्च थांबतो.

३) कार्डावरील ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या निर्देशांनुसार सर्व बँकांनी दिली आहे. गरज नसेल तेव्हा ती बंद ठेवावी.

४) घरच्याच व्यक्तीने ओटीपी भरून केलेला व्यवहार आणि चोराने केलेला व्यवहार यांत फरक आहे. फसवणूक झाली असेल तर विनाविलंब बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. मात्र त्याआधी घरात एकदा शांतपणे विचारावे.

५) पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ सालच्या कायद्याने बंदी आणली आहे. कन्सोलवरील खेळ विकत घेणे ही निराळी गोष्ट. पण ‘खेळा आणि पैसे जिंका’ असे आमिष कोठेही दिसले तर तेथे थांबावे.

६) रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतंत्रपणे चालवता येते. खेळासाठी पैसे साठवणे हा त्याचा वाईट आरंभ नव्हे.

शून्य

भाऊजींनी पालकाचे खाते उघडले. पिन घालण्याची वेळ आली तेव्हा भाचा कोणी न सांगता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भाऊजींनी क्षणभर त्याच्या पाठीकडे पाहिले आणि मग आकडे दाबले. पुढचा रकाना मुलाच्या मासिक खर्चमर्यादेचा होता. तेथे आधीपासून शून्य लिहिलेले होते.

“किती ठेवू?” भाऊजींनी विचारले. प्रश्न मला असावा असे समजून मी तोंड उघडणार होतो.

“शून्यच राहू द्या, बाबा,” भाचा भिंतीकडे पाहतच म्हणाला. “आधीचे तीन हजार सहाशे चाळीस फिटू द्या.”

तो नेमका आकडा त्याला वर्षभर पाठ होता. भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शून्य तसेच ठेवले, कंट्रोलर त्याच्या हाती दिला आणि म्हणाले, “पुढच्या सुट्टीच्या दिवशी बँकेत जाऊ. तुझे खाते उघडू. दर महिन्याला तू काय टाकशील ते टाक, तेवढेच मीही टाकीन.” कर्जफेडीची इतकी सोपी योजना माझ्या नोकरीत मी पाहिलेली नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी परत निघालो. गाडी डोंगरगडच्या पुढे गेली असेल, तेव्हा ताईचा फोन आला. मागे मोठ्या आवाजात काही चालले होते.

“काय झाले?” मी घाबरून विचारले.

“काही नाही रे, भांडताहेत दोघे. गाडी कोणाची पुढे गेली म्हणून.”

वर्षभरानंतर त्या घरात पहिल्यांदा भांडण होत होते.