कच्च्या केळ्याचे काय करावे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. परंडा तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. आदल्या रात्री वळवाचा वारा सुटला होता आणि केळीची निम्मी बाग आडवी झाली होती. घड भरत आलेले, पण अजून कोवळे. व्यापारी बांधावरूनच परत गेला. विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "आता काय करायचं, सर? जनावरांपुढं टाकायचं." एवढे बोलून ते उठले. मात्र त्यांच्या वृद्ध आईने दोन फण्या कापून घरात नेल्या. दुपारी आमच्या पानांत भाकरीबरोबर त्या केळ्यांची रस्साभाजी आली. आम्ही सर्वांनी ती मागून मागून खाल्ली.

वाचकहो, बागेचे नुकसान काही भाजीने भरून निघत नाही, हे मलाही कळते. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा एकेक थेंब मोजून शेती करावी लागते. वर्षभर पाणी पिऊन वाढलेले फळ केवळ कच्चे आहे म्हणून उकिरड्यावर जावे, हे मनाला पटत नाही. केळे म्हणजे पिकवूनच खायचे फळ, अशी आपली समजूत आहे. केरळात, गोव्यात, कोकणात मात्र कच्चे केळे ही रोजची भाजी आहे.

आधी हे फळ काय आहे ते पाहू. कच्च्या केळ्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 20 ते 25 ग्रॅम पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च असतो. केळे पिकते तेव्हा त्यातील जवळजवळ सर्व स्टार्चची साखर होते. म्हणून कच्चे केळे हे फळांपेक्षा बटाट्याचे भाऊबंद समजावे. जे जे बटाट्याचे होते, ते बहुतेक याचेही होते. शिक्षकबंधूंनी हे वर्गात दाखवावे. कच्च्या आणि चांगल्या पिकलेल्या केळ्याची एकेक चकती घ्या आणि दोन्हींवर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. कच्ची चकती निळी-काळी पडेल, पिकलेली फारशी पडणार नाही. मुलांना पुस्तकातली दोन पाने एका मिनिटात समजतील. चकत्या मात्र नंतर फेकून द्याव्यात. त्या खायच्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, "पण चिकाचे काय? हात काळे होतात, भाजी काळी पडते, तुरट लागते." खरे आहे. त्यावर उपाय सोपे आहेत. हाताला आणि विळीला आधी तेल लावावे. चीक चिकटत नाही. चिरलेल्या फोडी लगेच ताकाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात टाकाव्यात. हवा लागली की फोडी काळवंडतात. आंबट पाण्यात ती क्रिया मंदावते. लोखंडी कढई टाळावी, कारण केळ्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा काळा रंग येतो. आणि अगदी बोटभर कोवळी केळी घेऊ नयेत. त्यांत गर कमी आणि तुरटपणा फार. ज्यांच्या कडा अजून दिसतात पण पोट भरले आहे, अशी केळी भाजीला उत्तम.

सर्वांत सोपी रीत उकडण्याची. केळ्याची दोन्ही टोके कापून सालीसकट दोन तुकडे करावेत आणि मीठ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावेत. सालीचा हिरवा रंग मावळला आणि सुरी सहज आत गेली की झाले. साल आपोआप सुटते, चिकाचा त्रास नाही, आणि गरातील क्षारही पाण्यात फारसे जात नाहीत.

या उकडलेल्या केळ्याच्या फोडी करा. तुपात जिरे आणि हिरवी मिरची टाकून त्या परता, वर शेंगदाण्याचा कूट आणि मीठ घाला. झाली उपवासाची भाजी. नवरात्रात तुळजापूरच्या आईचे उपवास करणाऱ्या घरांत साबुदाण्याला हा चांगला सोबती आहे. तेच केळे किसून त्यात कूट, मिरची आणि थोडे राजगिऱ्याचे पीठ मळले की थालीपीठ होते.

रस्सा करायचा असेल तर आपला मराठवाड्याचा येसर आहेच. तेलात कांदा, लसूण परतून ताकातून काढलेल्या कच्च्या फोडी टाकाव्यात. त्या अर्ध्या शिजल्या की पाण्यात कालवलेला येसर, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ घालून उकळी आणावी. आंबट आधी घालू नये. फोडी लवकर शिजत नाहीत. हीच ती आजींची भाजी.

मुलांसाठी काप करा. केळे सोलून लांबट पातळ काप काढा. त्यांना हळद, तिखट, मीठ लावून ज्वारीच्या पिठात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खमंग भाजा. बेसनात बुडवले तर भजीही होतात. वेफर्स करायचे असतील तर केळी अगदी हिरवी हवीत. पिकू लागलेल्या केळ्यात साखर उतरते आणि तळताना वेफर्स लाल पडतात.

सालही टाकू नका. कीटकनाशक मारलेले नसेल तर ती स्वच्छ धुऊन, उकडून, बारीक चिरावी आणि तीळ किंवा कारळे, लसूण, मिरची यांबरोबर परतून वाटावी. भाकरीशी चटणी छान लागते.

आणि घडच्या घड हाती असतील तर? मग पीठ करा. सोललेल्या केळ्यांच्या पातळ चकत्या ताकाच्या पाण्यातून काढून, वर पातळ कापड टाकून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. हाताने कटकन मोडल्या की दळाव्यात. गरात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणीच असते. त्यामुळे 1 किलो गरातून पाव किलोहून थोडे अधिक पीठ निघते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते काही महिने टिकते. थालीपिठाला, धिरड्याला, लहान मुलांच्या लापशीला ते चालते. ऊन आपल्याकडे फुकट आहे. तेवढे तरी वाया जाऊ देऊ नये.

एक सूचना. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी केळी डॉक्टरांना विचारूनच खावीत, कारण त्यांत पोटॅशियम पुष्कळ असते.

त्या दिवशी निघताना विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोन फण्या माझ्या पिशवीत घातल्या. "पिकणार नाहीत बरं का, सर," असे ते थोडे ओशाळून म्हणाले. मी म्हटले, "पिकायला कशाला हव्यात?" तेव्हा उंबऱ्यात बसलेल्या आजी हसल्या. त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते. तुमच्या घरातही अशी एखादी आजी असेल. तिला विचारा, आणि एक फणी कच्चीच चुलीवर चढवून पाहा.